पायरीखालची पायरी

काच फुंकणाऱ्याचा चष्मा जांभळट असतो.
काच तापली की ज्योत पिवळी भडकते,
चष्मा चढवला की पिवळं तेवढं गायब,
आणि मधोमध मऊ होत वाकलेली नळी दिसते.
आग कुठं गेलेली नसते. बोट घालून बघा.

तेरदाळकर बाईंना हे मी दाखवलं
गणेशखिंडीतल्या आमच्या वर्कशॉपात.
त्यांनी चष्मा तीनदा घातला, तीनदा काढला,
म्हणाल्या, मोमीन, विश्वाचंही असंच आहे,
बहुतेक माल आपल्या चष्म्यातून गळालेला.
वजन लागतं, दिसत मात्र नाही.
मला वाटलं, चहा हवाय त्यांना.

पिवळं का, तेही त्यांनीच सांगितलं.
इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून उतरतो,
उतरताना हातातलं सांडतं, तोच उजेड.
सगळ्यात खालच्या पायरीवर आला की संपलं,
बसून राहतो, सांडायला काही उरत नाही.
पुस्तकं इथंच मिटतात.
पण गणित सोडवलं की उत्तरं दोन येतात,
दुसरं अगदी गाभ्याला चिकटलेलं,
ते मध्यावर पोचलं की अनंत होऊन फुटतं,
म्हणून सगळे त्याच्यावर काट मारतात.
"गाभा ठिपका धरलाय, म्हणून फुटतं!
ठिपका नाहीये तो. गोळा आहे.
बारकासा का होईना, गोळा!"
असं म्हणत त्या टेबलावर मूठ आपटत.
टेबलावर माझ्या नळ्या असत.

धनकवडीत घरामागं त्यांची पत्र्याची खोली.
जवळच कात्रजच्या जुन्या नळाचा दगडी उच्छ्वास,
त्यावर कुठल्याशा क्लासची जाहिरात.
कान लावला की खाली पाणी चाललंय असं वाटे,
की आपलंच रक्त, ते कळत नसे.
बाई येता-जाता कान लावत.

त्या पायरीवर उतरलेला हायड्रोजन म्हणे इतका आक्रसतो
की दुसऱ्या गाभ्याच्या दारात उभा राहिला
तरी वॉचमन हटकत नाही.
आत जातो, दोघं एक होतात, ऊब सुटते.
सूर्यातली ऊब, पण बादलीत.
आणि ज्यांना दार सापडत नाही
ते हिंडत राहतात, वजनासकट, उजेडाविना,
आकाशगंगा सांभाळत.
म्हणे.
बाई प्रत्येक वाक्याला 'कदाचित' लावायच्या,
मी वगळतोय, कवितेत बसत नाही म्हणून.

पॅलेडियमची तार त्यांनी पी.एफ. काढून आणली.
दुहेरी भिंतीची कुपी मी फुंकली,
भिंतींच्या मधली हवा रात्रभर उपसली
आणि बुडाशी निळ्या काचेचा थेंब सोडला. माझी खूण.

नव्याण्णवच्या जानेवारीत, पहाटे तीनला,
पारा चढला.
अकरा मिनिटं आम्ही नीट श्वास घेतला नाही.
मग उतरला, काही झालंच नाही असा.
बाईंनी वहीत लिहिलं: ०.४ अंश. ११ मिनिटं.
पेन ठेवलं. उचललं.
खाली लिहिलं: खोलीत दोन माणसं होती.

त्यानंतर कितीतरी रात्री मी बाहेर बसलो,
उच्छ्वासाला टेकून, स्वेटरवर स्वेटर घालून.
आत त्या एकट्या. पुढं त्याही खिडकीबाहेरून
दुर्बिणीनं पारा वाचायच्या.
पुन्हा चढला नाही.

गेल्या बुधवारी जुन्या बाजारात
बिजागऱ्या आणि मिक्सरच्या भांड्यांमध्ये
एक कुपी आडवी पडलेली.
बुडाशी हात फिरवला. निळा थेंब,
लांबून ठिपका, बोटाला गोल.
बाई गेल्या म्हणजे. मुलानं खोली रिकामी केली असेल.
ऐंशी म्हणाला, साठला दिली.
आत काय राहायचं हो? म्हणाला.
मी म्हटलं, आत नाही, भिंतीत. तिथं काही नाहीये.
त्यानं दहा रुपये परत देऊ केले.

रात्री दहाला तिच्यात चहा ओतला,
तोंडाला बूच, वर फडकं.
बाहेरून हात लावला: गार.
सकाळी सहाला कपात घेतला
तर ओठ भाजला.
थर्मामीटर होता घरात. लावला नाही.
खोलीत मी एकटाच होतो.